अकरा चुका

जनरेटर रात्रीतून दोनदा बंद पडला.
फोरोमोने शर्टाच्या बाहीने फिल्टर पुसला,
तिसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा
एन्झेरेकोरेतले सगळे कुत्रे एकदम भुंकले.

यंत्र स्टेपलरएवढं.
आत डोळ्यांना न दिसणारी भोकं,
एकेका भोकातून एक धागा ओवला जातो
आणि पडद्यावर अक्षरं पडत राहतात.
चारच अक्षरं, उलटसुलट,
एकोणीस हजारांची सलग ओळ,
श्वास घ्यायलाही जागा न सोडलेली.

शिकाऊ पोरांना मी सांगते :
हा विषाणू म्हणजे घाईतला नक्कलनवीस.
अंगातून अंगात जाताना
स्वतःचीच पोथी उतरवत जातो, आणि चुकतो.
वर्षाला पंधरा-वीस चुका, थोड्या कमीजास्त.
त्या मोजा,
म्हणजे कळतं किती चालून आलाय,
कुणाकुणाची अंगणं ओलांडून.

बाजारात मात्र निकाल आधीच लागला होता.
म्हातारी गोबू, धुरी दिलेलं मांस विकणारी,
तिच्याच टोपलीतून आला म्हणे, जंगलातला, वटवाघळातला.
पोरांनी ठेला उलटा केला.
तीन आठवडे ती दाराबाहेर आली नाही.
खोटं कशाला बोलू,
मीही तिच्याकडून घेणं सोडलं होतं.

पहाटे चारला ओळ पुरी झाली.
मागच्या साथीतल्या ओळीशेजारी ठेवली.
मधे सहा वर्षं,
शंभराच्या आसपास चुका निघायला हव्या होत्या.
निघाल्या अकरा.
फोरोमोने पुन्हा मोजल्या, पडद्यावर बोटाचे डाग पाडत.
अकरा.

रानोमाळ भटकणारा इतकं शुद्ध लिहीत नाही.
हा भटकलाच नव्हता.
कुणाच्या तरी अंगात
पोथी मिटून झोपला होता.

नमुना एक : बाई, वय चौतीस, शिलाईकाम, मृत.
खाली नवऱ्याचं नाव. न्यानकोय.
मला ते नाव वाचावं लागलं नाही,
सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं, निळ्या शाईने,
त्याच्या दाखल्यावर :
या इसमापासून कुणालाही धोका नाही.
त्याचे कपडे आम्ही जाळले होते.
दुसऱ्याच्या ढगळ पँटीत, एका हाताने कंबर धरून
तो तंबूबाहेर नाचला होता.
दाखला त्याने काचेत लावला, लग्नाच्या फोटोला लागून.

रक्त तीनदा तपासलं होतं. रक्तात नव्हताच.
अंगात काही खोल्या असतात
जिथे अंग आपल्याच शिपायांना शिरू देत नाही,
हे आम्ही नंतर शिकलो,
आणि सांगायला गेलो तोवर
बायको माहेरून परत आली होती
नवं शिलाई मशीन घेऊन.

तेव्हा तो वाचला होता.
आज पहाटे आम्ही त्याला वाचला.

अहवालात मी लिहिलं : स्रोत, जुन्या साथीतून बरी झालेली व्यक्ती.
फोरोमो म्हणाला, त्या गावात असे किती आहेत?
चार.
मग गावाचं नाव खोडलं. मग तालुक्याचं.
राजधानीतून फोन आला, तुमचा अहवाल पुसट आहे.

सकाळी गोबूच्या दारात उभी राहिले,
बुटांवर लाल धूळ.
म्हटलं, तुझ्या टोपलीतून नव्हता आला. खात्री झाली.
ती भाताची खडी वेचत होती. वेचत राहिली.
मग, कोण? तिने विचारलं.
मी म्हटलं, यंत्राला नावं कळत नाहीत.
तिने मान वर केली.
तुला कळतं.

मी काही बोलले नाही.
तिने सूप माझ्याकडे सरकवलं,
माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत बारीक खडे, म्हणाली,
तू बघ.